मेकेदाटू: शहराची घागर आणि कावेरीचा मासा

बंगळुरूहून दक्षिणेकडे कनकपुरा रस्त्याने निघाले की शहर मागे पडता पडता हारोहळ्ळी लागते. पुढे कनकपुरा, मग सातनूर, आणि तिथून रस्ता हळूहळू जंगलात उतरत कावेरीच्या काठी संगमाला पोचतो. शहरापासून हे अंतर 95 किलोमीटरच्या आसपास आहे. गंमत अशी की आपण कावेरीकडे जात असतो तेव्हा कावेरी शहराकडे निघालेली असते. मंड्या जिल्ह्यातल्या तोरेकाडनहळ्ळी इथे तिचे पाणी शुद्ध होते. हारोहळ्ळी आणि ताटगुणी इथल्या पंपांच्या टप्प्यांनी ते सुमारे 100 किलोमीटर लांब आणि 500 मीटर उंच चढवले जाते. एखादा डोंगरी किल्ला पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढावा, तसे हे पाणी 1974 पासून रोज चढते आहे. बंगळुरूच्या घरात नळ सोडला की पेल्यात पडतो तो हा प्रवास.

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही सहकुटुंब आपांकडे बंगळुरूला गेलो होतो. सोलापूरहून उद्यान एक्सप्रेसने एका रात्रीत तिथे पोचता येते. आम्ही स्वतः टंचाईच्या मुलखातले. नळाला पाणी येण्याचा दिवस आमच्याकडे बायकांना तोंडपाठ असतो. त्यामुळे आपांच्या घरी मोरीत ओळीने भरून ठेवलेल्या बादल्या आणि वुजूसाठी वेगळा ठेवलेला लोटा पाहून आम्हाला नवल वाटले नाही. नवल वाटले ते मुलांना. "एवढ्या मोठ्या शहरातसुद्धा?" असे त्यांनी विचारले. दुल्हाभाई म्हणाले, "बेटा, शहर जितके मोठे, तहान तितकी मोठी. चला, उद्या तुम्हाला हे पाणी येते तिकडे नेतो."

ही तहान खोटी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. 2024 च्या मार्चमध्ये बंगळुरूची टंचाई देशभर गाजली. शहरातल्या सुमारे 14 हजार सरकारी बोअरवेलपैकी जवळपास निम्म्या आटल्या होत्या. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली किंवा बाग शिंपली तर 5,000 रुपये दंड, असा हुकूम निघाला. हॉटेले, कचेऱ्या आणि मोठ्या इमारतींतल्या नळांना पाण्याची धार बारीक करणारी जाळी बसवणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला कावेरी पाणी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. आधीच्या चार टप्प्यांतून रोज 145 कोटी लिटर पाणी येत होते. पाचव्याने त्यात 77.5 कोटी लिटरची भर घातली. 2007 साली महापालिकेच्या हद्दीत आलेल्या 110 खेड्यांसाठी हा टप्पा आहे. हद्दीत आल्यावर इतकी वर्षे त्या खेड्यांनी टँकर आणि बोअरवेलवर काढली. डोक्यावर घागर घेऊन टँकरमागे धावणाऱ्या बाईला माशाची गोष्ट सांगायला जाऊ नये. आधी तिची घागर भरावी. आमचे म्हणणे एवढेच की ती घागर कोठून आणि कशी भरायची, हे नीट बघून ठरवावे.

संगम म्हणजे अर्कावती आणि कावेरी या दोन नद्यांची गाठ. उन्हाळ्यात कावेरी इथे खडकांमधून पसरून वाहते. काठाला अर्जुनाची जुनी झाडे आहेत आणि पाण्यात गुडघाभर उतरून बसलेली कुटुंबे असतात. बाजूने येणारी अर्कावती मात्र लहानखुरी आणि काळसर दिसते. या अर्कावतीची हकिगत बंगळुरूच्या प्रत्येक शाळेत शिकवावी अशी आहे. कावेरीचे पाणी आणण्याआधी बंगळुरू हिच्याच पाण्यावर जगत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याचा तलाव झाला. 1933 साली तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण झाले. दोन्ही अर्कावतीवरच. पुढे शहर वाढत गेले, नदीच्या पाणलोटात घरे आणि कारखाने आले, येणारे पाणी आटले आणि जे आले ते घाण झाले. 2012 साली तिप्पगोंडनहळ्ळीतून पिण्यासाठी पाणी घेणे बंद पडले. शिवाय शहराचे सांडपाणी वाहून नेणारी वृषभावती खाली अर्कावतीलाच येऊन मिळते. म्हणजे संगमावर उभे राहिले की डाव्या-उजव्या हाताला दोन गोष्टी एकदम दिसतात. एका बाजूला शहराने वापरून टाकून दिलेली नदी, आणि दुसऱ्या बाजूला शहराला आता हवी असलेली नदी.

संगमावरून पलीकडे जायला बांबूच्या गोल टोपलीसारख्या होड्या आहेत. पूर्वी त्यांना बाहेरून कातडे लावत, आता जाड प्लास्टिक लावतात. पलीकडच्या काठावरून तीन-चार किलोमीटरवर मेकेदाटू. कानडीत मेके म्हणजे शेळी आणि दाटू म्हणजे उडी. वाघ मागे लागला तेव्हा एका शेळीने इथली दरी उडी मारून पार केली, असे लोक सांगतात. वर शेकडो फूट पसरलेली कावेरी इथे दोन काळ्या कातळांच्या मधल्या चिरेत शिरते. पाणी खडक कोरत जाते, रांजणासारखे खळगे पाडते आणि खाली असा आवाज करते की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. अम्मींनी तिथे पोचताच मुलांचे हात घट्ट धरले, ते परत होडीत बसेपर्यंत सोडले नाहीत. त्यांचे बरोबरच होते. इथला खडक गुळगुळीत आहे आणि या पाण्याने बरेच बळी घेतले आहेत.

याच भागात धरण बांधायचे कर्नाटक सरकारच्या मनात अनेक वर्षांपासून आहे. प्रकल्पाचा आराखडा असा: सुमारे 67 टीएमसीचा जलाशय, 400 मेगावॅट वीज आणि बंगळुरू व आसपासच्या भागासाठी 4.75 टीएमसी पिण्याचे पाणी. खर्च सुमारे 9,000 कोटी रुपये सांगितला गेला होता. आपल्या वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो, पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतली चारही धरणे मिळून 29 टीएमसीची आहेत. मेकेदाटूचा जलाशय त्यांच्या दुपटीहून मोठा होईल. त्याखाली सुमारे 5,000 हेक्टर जमीन जाईल, आणि त्यातली बहुतेक कावेरी अभयारण्याची आणि राखीव जंगलाची आहे. हत्तींची वाट, पाणमांजरांचे डोह, आणि आपल्या शेकरूची करड्या रंगाची चुलत बहीण म्हणावी अशी मोठी खार, हे सगळे या पट्ट्यातले रहिवासी आहेत.

कर्नाटकाची बाजूही ऐकावी. 16 फेब्रुवारी 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाचा वाटा 14.75 टीएमसीने वाढवला, त्यातले 4.75 टीएमसी खास बंगळुरूच्या पिण्यासाठी दिले. आधीच्या लवादाने शहराचा एक तृतीयांश भागच कावेरीच्या खोऱ्यात येतो म्हणून हात आखडला होता. पिण्याच्या पाण्याला अशी रेघ ओढता येत नाही, असे न्यायालयाने मानले. हे न्यायाचेच झाले. पावसाळ्यात वाहून जाणारे जास्तीचे पाणी साठवू, आपल्या शहराला पाजू आणि तामिळनाडूचा वाटा वेळेवर सोडू, असे कर्नाटक म्हणते. तामिळनाडूला त्यावर भरवसा नाही. आमची नदी वरच्या माणसाच्या मुठीत जाईल, ही तिथल्या शेतकऱ्याची भीती आहे. या दोन राज्यांच्या भांडणात दोन्हीकडून वकील उभे राहतात. माशाच्या बाजूने मात्र बोलणारे फार थोडे.

हा मासा म्हणजे वशिंडाचा महाशीर. डोक्यामागून पाठ बैलाच्या वशिंडासारखी उंच होत जाते, पर केशरी असतात, खवले तळहातात मावणार नाहीत असे. शंभर वर्षांपूर्वी इंग्रज अधिकारी आणि म्हैसूरचे शिकारी या माशासाठी कावेरीकाठी तळ ठोकत. 1946 साली कावेरीच्या कबिनी या उपनदीत 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोंचा महाशीर गळाला लागल्याची नोंद आहे. सहावी-सातवीतल्या एखाद्या चांगल्या अंगाच्या मुलाहून तो जड होता. एवढा नावाजलेला मासा, पण त्याला पक्के शास्त्रीय नाव मिळायला 2018 साल उजाडले. केरळातल्या पंबार या कावेरी खोऱ्यातल्याच नदीतल्या माशांना आधी दिलेले 'टॉर रेमादेवी' हे नाव याच माशाचे आहे, असे अभ्यासकांनी त्या वर्षी दाखवून दिले. त्याच वर्षी जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. त्याच्यापुढची पायरी नामशेष होण्याची. जगाच्या पाठीवर हा मासा फक्त कावेरीच्या खोऱ्यात आहे, आणि तिथेही आता थोड्याच ठिकाणी उरला आहे.

महाशीरला वाहते, स्वच्छ, थंड पाणी लागते. पावसाळ्यात नदी भरली की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. धरणाने दोन गोष्टी होतात. वरची वाट बंद होते, आणि वाहत्या नदीचे संथ तळे होऊन गोट्यांवर गाळ बसतो. कावेरीला तसेही माणसाने कमी अडवलेले नाही. शिवनसमुद्रला 1902 पासून वीज तयार होते. कृष्णराजसागर 1930 च्या आसपास पुरे झाले. त्या धरणाच्या प्रवेशाजवळ टिपू सुलतानांच्या काळातला एक फारसी शिलालेख लावलेला आहे, कावेरीवर बांध घालण्याच्या त्यांच्या संकल्पाचा. खाली तामिळनाडूत 1934 साली मेट्टूर झाले. शिवनसमुद्रच्या खालून होगेनक्कलच्या धबधब्यापर्यंतचा जंगली पट्टा तेवढा मोठ्या धरणावाचून राहिला आहे. मेकेदाटू त्याच पट्ट्यात येते.

होडीवाल्या चाचांना आम्ही या माशाबद्दल विचारले. ते कनकपुऱ्याकडचे, बोली दख्खनी. म्हणाले, "वो मछली हमारे अब्बा लोगाँ देखे सो. हमे तो नीले परांवाली इच देखे, साब." म्हणजे वशिंडाचा महाशीर वडिलांच्या पिढीने पाहिला, यांनी पाहिला तो निळ्या परांचा. हे वाक्य ऐकून आम्ही जागच्या जागी थबकलो, कारण निळ्या परांचा हा महाशीर इथला नाहीच. तो आपल्या महाराष्ट्रातून आला आहे.

ही हकिगत नीट सांगायला हवी. निळ्या परांच्या महाशीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स यांनी 1839 साली केले, पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. पुढे तोही कमी होऊ लागला. तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. अंडी फलित करायची, पिल्ले वाढवायची आणि तळ्यांत, नद्यांत सोडायची, असे काम अनेक वर्षे चालले. त्या कामाचा फायदाही झाला. एके काळी धोक्याच्या यादीत असलेला हा मासा आता 'चिंता नसलेल्या' गटात गेला आहे. पण याच पिल्लांपैकी काही 1970 च्या दशकापासून कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता: मासे कमी झाले आहेत, तर मासे आणून सोडू. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

मेकेदाटूपासून फार दूर नसलेल्या गालीबोरच्या तळावर हौशी मासेमार मासा पकडून, मोजून, परत सोडत आणि वहीत नोंद करत. 1998 ते 2012 पर्यंतच्या या वह्या अभ्यासकांनी तपासल्या आणि 2015 साली निष्कर्ष मांडले. निळ्या परांचे मासे वर्षागणिक वाढत गेले आणि वशिंडाचे कमी होत गेले. पाहुण्याने घर व्यापले आणि घरधनी उंबऱ्याबाहेर गेला, असेच ते आकडे सांगतात. सुरुंग लावून केलेली मासेमारी, सांडपाणी आणि आटलेला प्रवाह यांचाही हात आहे. दोष एकट्या लोणावळ्याच्या पिल्लांवर ढकलणे बरोबर नाही. पण एक धडा यातून स्पष्ट निघतो. कुठलेही धरण होताना "मासे गेले तर पैदास केंद्रातून आणून सोडू" असे आश्वासन दिले जाते. तेव्हा विचारायला हवे की कोणते मासे? नदीत महाशीर दिसला म्हणजे नदीचा महाशीर वाचला, असे होत नाही. नुकसान भरून काढायचे म्हणून केलेला हा उपाय इथे एकदा होऊन गेला आहे, आणि तोच नुकसानीचे कारण ठरला.

मग शहराने काय प्यावे? आम्ही मास्तर माणसे. परतीच्या वाटेवर गाडीत मुलांना एक गणित घातले. ते वाचकांनीही करून पाहावे.

एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर. मेकेदाटूतून बंगळुरूला मिळायचे 4.75 टीएमसी म्हणजे वर्षाला सुमारे 13,450 कोटी लिटर. 365 ने भागले तर रोजचे 37 कोटी लिटरच्या जरा आत. आता दुसरी बाजू. पहिल्या चार टप्प्यांतून शहरात रोज येणारे पाणी 145 कोटी लिटर. त्यातल्या चौथ्या हिश्शाहून अधिक पाण्याचा हिशेब लागत नाही, असे खुद्द शहराच्या जलमंडळाचे आकडे सांगत आले आहेत. 145 कोटींचा चौथा हिस्सा किती? 36 कोटी 25 लाख लिटर. म्हणजे 67 टीएमसीचे धरण बांधून शहराला जेवढे पाणी मिळणार, जवळपास तेवढेच आजच नळांच्या जाळ्यात कुठेतरी नाहीसे होते.

हे पाणी सगळेच गळून जात नाही. काही चोरीला जाते, काही मीटरवाचून वापरले जाते. जुन्या वस्त्यांतले नळ बदलणे सोपे नाही, रस्ते खोदावे लागतात, वर्षे लागतात, आणि गळती अगदी शून्यावर आजवर कोणी आणलेली नाही. पण अर्धी जरी थांबली, तरी अठरा कोटी लिटर रोज वाचतात.

दुसरा आकडा छपराचा. 30 बाय 40 फुटांच्या जागेवरच्या नव्या घराला पावसाचे पाणी साठवण्याची सोय करणे बंगळुरूत 2009 पासून सक्तीचे आहे. शहरात वर्षाला साधारण 970 मिलिमीटर पाऊस पडतो. 1,200 चौरस फुटांच्या छपरावर पडणारे पाणी एक लाख लिटरच्या वर जाते. सगळे धरता येणार नाही, पण 80 टक्के धरले तरी 86 हजार लिटर होतात. आपांच्या घरातल्या पाच माणसांना ते पिण्या-स्वयंपाकाला वर्षभर पुरून उरेल. तिसरी गोष्ट सांडपाण्याची. बंगळुरूचे सांडपाणी प्रक्रिया करून 2018 पासून कोलार जिल्ह्यातले तलाव भरायला पाठवले जाते. ती योजना रोज 44 कोटी लिटरची आहे. शहराने वापरलेले पाणी दुसऱ्या जिल्ह्याच्या तलावांपर्यंत नेता येते, तर शहरातल्या बागा, बांधकामे आणि कारखान्यांना तेच पाणी का मिळू नये? तेवढे पिण्याचे पाणी मोकळे होईल, आणि वृषभावतीतून संगमावर येणारी घाणही कमी होईल.

आम्ही धरणाचे शत्रू नाही. सोलापूर जिल्ह्यातला माणूस उजनीवर जगतो, त्याने धरणाला नावे ठेवू नयेत. पण क्रम असावा. आधी गळती, मग छप्पर, मग सांडपाणी, आणि एवढे करूनही घागर रिकामी राहिली तर नदी. तेव्हाही आधी त्या पट्ट्यात वशिंडाचे महाशीर किती आणि कोणत्या डोहात आहेत हे मोजावे. बाहेरची पिल्ले नदीत सोडणे पूर्ण बंद करावे. अंडी घालण्याच्या दिवसांत नदीला किती पाणी वाहते ठेवायचे, ते कागदावर पक्के करावे. घर बांधताना शेजाऱ्याचा उजेड अडणार नाही हे आपण पाहतोच ना? नदीतल्या शेजाऱ्याचेही तेवढे पाहावे.

हा प्रश्न फक्त कर्नाटकाचा समजू नये. मुंबईच्या पाण्यासाठी तानसा अभयारण्याच्या परिसरात गारगाई धरणाची योजना आहे. खाली वैतरणेच्या काठी वाडा तालुक्यातल्या तिळसे इथे भाविकांनी पिढ्यानपिढ्या राखलेले महाशीर आहेत. आपल्या गावालाही उद्या असाच एखादा आराखडा येईल, तेव्हा पहिला प्रश्न गळतीचा आणि दुसरा माशाचा विचारायला विसरू नये.

वाचकांपैकी कोणाला मेकेदाटूला जायचे असेल तर पावसाळा टाळावा. नदी चढली की होड्या बंद होतात. हिवाळा उत्तम. खाण्यापिण्याचे घरून बांधून न्यावे, कचरा परत आणावा, आणि कोणी कितीही सांगितले तरी मेकेदाटूच्या खडकाच्या कडेला जाऊ नये. धरण अजून झालेले नाही, मंजुऱ्यांचे कागद फिरत आहेत. तोवर ती चीर, ते रांजणखळगे आणि पाण्याचा तो आवाज मुलांना दाखवून आणावा. वशिंडाचा महाशीर दिसेल असे आम्ही सांगत नाही, तो आम्हालाही दिसला नाही. पण कातळाखालच्या एखाद्या खोल डोहात तो अजून असेल. आपले नळ आपण नीट केले, तर पुढच्या पिढीच्या होडीवाल्याला तो वडिलांकडून ऐकावा लागणार नाही.